निबंधाचा राग भलत्यावर

पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये १९ मे २०२४ च्या पहाटे अडीचच्या सुमारास एका भरधाव पोर्शेने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांना उडवलं. दोघेही गेले. गाडी चालवणाऱ्या मुलाला अठरा पूर्ण व्हायला काही महिने बाकी होते. पंधरा तासांच्या आत त्याला जामीन मिळाला आणि जामिनाच्या अटींमध्ये एक अट निघाली: रस्ते अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिही. महाराष्ट्र पेटला. पेटायलाच हवा होता. दोन जीव एकीकडे आणि तीनशे शब्द दुसरीकडे, हा हिशोब कुणाच्याच पचनी पडणारा नव्हता.

माझी तक्रार त्या रागाबद्दल नाही, त्या रागाच्या जोरावर तेव्हापासून जे खपवलं जातंय त्याबद्दल आहे. ‘बघा, ही तुमची सुधारणा आणि हे तुमचं पुनर्वसन’ असं म्हणून चॅनेलवर, कट्ट्यावर, विधिमंडळाच्या आवारात एकच मागणी फिरते आहे. मुलांचं वय अठरावरून चौदावर आणा. मोठ्यांचा गुन्हा केला तर मोठ्यांची शिक्षा द्या. गुन्हेगाराला सुधारायचे लाड बंद करा, आत टाका आणि विसरून जा. मानवाधिकार काय फक्त मारणाऱ्यालाच असतात? मेलेल्याला नसतात? हा युक्तिवाद ऐकायला खणखणीत आहे. तपासायला घेतला की आतून पोकळ लागतो.

मुळात तो निबंध शिक्षा नव्हती, जामिनाची अट होती. हा फरक वकिली काथ्याकूट वाटेल, पण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. जामीन म्हणजे निकाल नव्हे. बाल न्याय कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अल्पवयीन मुलाला जामीन देणं हा नियम आहे आणि नाकारणं हा अपवाद. तो अपवाद कधी करायचा तेही कायद्याने सांगून ठेवलंय: सोडल्यामुळे मूल गुन्हेगारांच्या संगतीत जाणार असेल, त्याला धोका असेल किंवा न्यायाचा हेतूच हाणून पाडला जाणार असेल तेव्हा. त्या दिवशी बाल न्याय मंडळाने या गोष्टींचा नीट विचार केला नाही हा आक्षेप रास्तच आहे. पुढे राज्य सरकारने मंडळाच्या दोन सदस्यांना पदावरून काढलंही. पण मंडळाने काम वाईट केलं म्हणून मंडळाचं तत्त्वच वाईट, हे कुठलं तर्कशास्त्र? उद्या एखाद्या शल्यचिकित्सकाने पोटात कात्री विसरली तर आपण शस्त्रक्रियाच बंद करा म्हणत नाही.

कायद्याला अपेक्षित असलेली सुधारणा निबंधापेक्षा पुष्कळ कष्टाची आहे. मूल मंडळापुढे पहिल्यांदा आणलं की पंधरा दिवसांत परिविक्षा अधिकाऱ्याने, म्हणजे आपण ज्याला प्रोबेशन ऑफिसर म्हणतो त्याने, सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो. त्यासाठी त्याने मुलाच्या घरी जायचं, शाळेत जायचं, शेजाऱ्यापाजाऱ्यांशी बोलायचं आणि घरात कोण कमावतं, कोण पितं, मुलावर कुणाचा वचक आहे, हे सगळं कागदावर आणायचं. त्या कागदावरून मग मंडळाने ठरवायचं की मुलाला पालकांच्या ताब्यात द्यायचं, समाजसेवेला लावायचं, की विशेष गृहात जास्तीत जास्त तीन वर्षं ठेवायचं. कल्याणीनगरच्या प्रकरणात हे काम इमानाने झालं असतं तर अहवालाच्या पहिल्याच पानावर काय आलं असतं? नोंदणीसुद्धा पूर्ण न झालेली कोट्यवधींची गाडी, हातात परवाना नसलेलं पोरगं, आणि किल्ली देणारं घर. निबंध लिहायला सांगणं हे या सगळ्यातून पळ काढणं होतं. सुधारणावाद्यांनीच त्यावर सर्वांत आधी तुटून पडायला हवं होतं, आणि काहीजण पडलेही. पण तोवर गर्दी पुढे निघून गेली होती.

आता त्या प्रकरणातल्या मोठ्या माणसांकडे बघू. पोलिसांच्या आरोपानुसार ससून रुग्णालयात मुलाच्या रक्ताचा नमुना बदलला गेला आणि त्याच्या जागी आईचं रक्त ठेवलं गेलं. डॉक्टरांना अटक झाली. घरच्या ड्रायव्हरने ‘गाडी मीच चालवत होतो’ असं सांगावं म्हणून त्याला डांबून ठेवल्याचा गुन्हा वडील आणि आजोबांवर दाखल झाला. हे सगळे अठराच्या पुढचे. यांच्यासाठी मोठ्यांचा कायदा आधीपासून होताच. त्याचा धाक त्यांना का वाटला नाही? वय चौदावर आणलं असतं तर नमुन्याच्या बाटलीवरचं लेबल आपोआप खरं झालं असतं का? सोळाऐवजी चौदापासून प्रौढ म्हणून खटला चालवायची सोय केली, तरी या मुलाला तिचा स्पर्शही झाला नसता, कारण तो सोळाच्या पुढचाच होता. जुलै २०२५ मध्ये मंडळाने त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालवायची पोलिसांची मागणी फेटाळली. त्या वादातला कळीचा मुद्दा वयाचा नव्हताच. प्रौढ म्हणून खटला कायदा ज्याला सर्वांत गंभीर वर्गातला गुन्हा मानतो त्यासाठीच चालतो, आणि अशा गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा ठरलेली असावी लागते. तेव्हा लागू असलेल्या सदोष मनुष्यवधाच्या कलमात किमान शिक्षाच नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये हे स्पष्ट करून ठेवलं होतं.

आणि समजा, ‘मूल’ या व्याख्येतूनच त्याला बाहेर काढलं आणि सरळ सत्र न्यायालयात उभं केलं. मोठ्यांचं न्यायालय अशा प्रकरणात काय देतं ते मुंबईला विचारा. नोव्हेंबर २००६ मध्ये वांद्र्याच्या कार्टर रोडवर एका तरुणाची गाडी फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर चढली. सात मेले. चालक सज्ञान होता. सत्र न्यायालयाने सहा महिन्यांची शिक्षा दिली. गदारोळ झाला, उच्च न्यायालयाने ती वाढवून तीन वर्षं केली, आणि जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीच कायम केली. सात माणसांसाठी तीन वर्षं! बाल न्याय कायद्याची कमाल मर्यादाही तीनच वर्षांची आहे, तिला मात्र ‘लाड’ म्हणायचं. त्याच्या आधी, सप्टेंबर २००२ मध्ये, वांद्र्यातच एका चित्रपट अभिनेत्याच्या गाडीखाली फुटपाथवरचा एक माणूस मेला. मे २०१५ मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली, त्याच दिवशी जामीन झाला, आणि डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने निर्दोष सोडलं. तेरा वर्षं चाललेल्या त्या खटल्यात वयाची सवलत कुणी मागितली नव्हती. तेव्हा कल्याणीनगरचा राग वयावर काढू नका. पैसा, ओळख आणि ढिला तपास यांच्यावर काढा. वय कमी करणं सोपं आहे म्हणून ते करायचं, हा आळस आहे.

कठोर कायदा श्रीमंताला पकडायला आणतात आणि तो पकडतो भलत्यालाच. याचं आपल्या पुण्यातलंच उदाहरण आहे आणि ते पुरेसं सांगितलं जात नाही. २६ ऑगस्ट १९९४ ला पुण्यात राठी कुटुंबाच्या घरात सात जणांची हत्या झाली. मेलेल्यांत दोन लहान मुलं होती, एक गर्भवती स्त्री होती. शहर हादरलं होतं आणि त्या गुन्ह्याच्या क्रौर्याबद्दल एक शब्दही कमी करायचं कारण नाही. राजस्थानातून आलेल्या आरोपींना पकडलं. त्यातल्या एकाचं वय पोलिसांनी वीस-बावीस असं लिहिलं आणि पुढे सगळ्यांनी तेच चालवलं. १९९८ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने त्याला फाशी सुनावली. २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. मग फाशीच्या कोठडीत वर्षांमागून वर्षं गेली. तो तिथेच शिकला. २०१८ मध्ये त्याने अर्ज केला की गुन्हा घडला तेव्हा मी लहान होतो. न्यायालयाने चौकशी लावली. राजस्थानातल्या त्याच्या गावच्या शाळेच्या नोंदीत जन्मतारीख निघाली १ फेब्रुवारी १९८२. म्हणजे गुन्ह्याच्या दिवशी त्याचं वय होतं साडेबारा. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं आणि त्याला सोडलं. तीन वर्षांची कमाल शिक्षा असलेल्या मुलाने अठ्ठावीस वर्षांहून जास्त काळ तुरुंगात काढला होता, त्यातला बहुतेक गळ्याशी दोर ठेवून.

या प्रकरणाने दोन्ही बाजूंची पंचाईत होते, म्हणूनच मला ते महत्त्वाचं वाटतं. न्यायालयाने त्याला निर्दोष म्हटलेलं नाही. साडेबारा वर्षांचं मूल अशा गुन्ह्यात सापडू शकतं, हे सुधारणेची बाजू घेणाऱ्यालाही गिळावं लागतं. पण वय चौदावर आणा म्हणणाऱ्याला विचारायला हवं की या मुलाचं तुम्ही काय करणार होता? तो तर तुमच्या चौदाच्याही आत बसतो. उद्या असंच एखादं प्रकरण झालं की तुम्ही म्हणाल, बारा करा. ‘त्याला कळत होतं’ या वाक्याला तळ नाही. आणि दुसरं, पोलिसांनी एका परप्रांतीय, गरीब, पाठीशी कुणी नसलेल्या मुलाचं वय अंदाजाने लिहिलं, ते एका न्यायालयाने नव्हे, तीन पायऱ्यांवरच्या न्यायालयांनी मानलं. कल्याणीनगरच्या मुलाच्या बाबतीत अशी चूक होणं शक्य होतं का? त्याचा जन्मदाखला वकिलाने पहिल्या तासात हजर केला असता. कायदा कडक केला की तो दोघांना सारखाच लागेल, हे मानायला फार भोळं असावं लागतं.

२०१२ च्या दिल्लीच्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर हेच सगळं एकदा होऊन गेलंय. न्यायमूर्ती वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्ये स्पष्ट सांगितलं होतं की वयोमर्यादा अठराच राहू द्या. सोळा ते अठरामधल्या मुलांना मोठ्यांसारखं चालवण्याच्या विधेयकातल्या तरतुदीला पुढे संसदेच्या स्थायी समितीनेही विरोध केला. तरी त्या प्रकरणातला अल्पवयीन आरोपी तीन वर्षं पूर्ण करून २० डिसेंबर २०१५ ला सुटला आणि दोन दिवसांत राज्यसभेने नवा कायदा मंजूर केला. तो कायदा त्या मुलाला लागूच होणार नव्हता, हे मतदान करणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. आता सोळा ते अठरामधल्या मुलाला ‘प्राथमिक मूल्यांकन’ करून मोठ्यांसारखं चालवता येतं. गुन्ह्याच्या क्षणी त्याच्या मनात काय होतं, परिणाम कळण्याची कुवत होती का, हे नंतर तपासायचं. मानसशास्त्र जाणणारे लोक या तरतुदीवर मान हलवतात. पण कायदा आला. आणि मग? त्या कायद्यानंतरही २०२४ झालं, आणि लोक परत तेच औषध वाढीव मात्रेत मागताहेत. २०२२ मध्ये देशात अल्पवयीनांविरुद्ध सुमारे तीस हजार गुन्हे नोंदले गेले. त्या वर्षीच्या एकूण नोंदलेल्या गुन्ह्यांच्या तुलनेत हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास येतं. चॅनेल बघणाऱ्याला वाटेल पोरांनीच देश लुटलाय.

धाकाचा मुद्दा राहिला. फाशी दिली की दहशत बसते, असं पुण्यातल्या जुन्या पिढीला मनापासून वाटतं, कारण जोशी-अभ्यंकर खुनांच्या दहशतीत त्यांनी संध्याकाळी दारं लावून घेतलेली आहेत. १९७६-७७ मध्ये दहा खून झाले, चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्यात फाशी झाली. साऱ्या शहराने ती बातमी वाचली. त्यानंतर अकरा वर्षांनी त्याच शहरात राठी कुटुंब मारलं गेलं. एका उदाहरणाने काहीच सिद्ध होत नाही हे मला कळतं, पण धाकवाले तरी कुठे एकाहून जास्त उदाहरणं देतात? बेकारिया नावाच्या इटालियन विचारवंताने १७६४ मध्येच मांडलं होतं की गुन्हा रोखते ती शिक्षेची खात्री, तिची क्रूरता नव्हे. आपल्याकडे खात्रीच नाही. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत पावणेसहा लाखांच्या आसपास कैदी होते आणि त्यातले शंभरातले पंचाहत्तर कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही. तारखेवर तारीख पडत राहते, आणि निर्दोष असला तरी माणूस बराकीत सडतो. ज्याला नुसत्या वाट पाहण्याचीच शिक्षा भोगावी लागते, त्याला कायद्याची कसली भीती वाटणार? चिडच येणार.

आता पीडितांचं. यावर मला घाई करायची नाही, कारण सुधारणावाद्यांनी इथे खरंच कमी विचार केलाय. कैद्याचं शिक्षण, कैद्याचं समुपदेशन, कैद्याचं पुनर्वसन, हे शब्द ऐकताना ज्या आईचा मुलगा गेलाय तिला आपण बाहेर फेकले गेलो असं वाटतं, आणि तिचं बरोबर आहे. सूड घेण्याचा हक्क सरकारने आपल्याकडून काढून घेतला, त्याच्या बदल्यात सरकार तिचं काही देणं लागतं. केलेल्या कृत्याला कृत्य म्हणणं, दोषी माणसाला ‘हे तू केलंस’ असं उघड न्यायालयात ऐकवणं, आणि त्यासाठी त्याच्या आयुष्यातला काही काळ काढून घेणं, हे शिक्षेचं काम आहेच. मी शिक्षेच्या विरोधात नाही. माणसाला फक्त रोगी समजून त्याच्यावर ‘उपचार’ करत बसणं हाही त्याचा अपमानच आहे. सुधारणेच्या नावाखालीही छळ होतो, हे आपल्या सोलापूरने पाहिलंय. गुन्हेगार जमाती कायद्याखाली पारधी, कैकाडी अशा जमातींना तारेच्या कुंपणाआड ‘सुधारण्यासाठी’ कोंडलं होतं. त्या सुधारणेला मुदत नव्हती. म्हणूनच शिक्षेला मुदत असली पाहिजे, आणि त्या मुदतीत काय करायचं हा प्रश्न त्यानंतरचा.

पण पीडितांच्या नावाने गळा काढणाऱ्यांना एक विचारायचंय. बलात्कार आणि ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांसाठी आपल्या राज्यात २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे. तुमच्या जिल्ह्यात तिचे किती अर्ज पडून आहेत, यावर कधी एखादा मोर्चा निघालेला पाहिलाय? खटल्याची पुढची तारीख काय, आरोपीला जामीन मिळाला की नाही, हे मृताच्या बापाला कुणी फोन करून कळवतं का? त्याला ते वर्तमानपत्रातून कळतं. पीडितांची आठवण आपल्याला फक्त दोर मागताना होते. २००३ सालच्या एका खून आणि बलात्काराच्या प्रकरणात महाराष्ट्रातल्या भटक्या जमातीच्या सहा जणांना फाशी झाली होती. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीच ठरवली, आणि मार्च २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने स्वतःचा निकाल फिरवून सहाही जणांना निर्दोष सोडलं, प्रत्येकी पाच लाख भरपाई द्यायला सांगितली. त्या गुन्ह्यातल्या पीडित कुटुंबाला काय मिळालं? खरे गुन्हेगार नाहीत, न्यायही नाही. दोर कुणाच्या तरी गळ्यात पडला की पीडिताचं देणं फिटलं, असं मानण्यातून हे घडतं.

सुधारणा हे परदेशी फॅड आहे, असंही अधूनमधून ऐकू येतं. १९३९ मध्ये औंध संस्थानात, आटपाडीजवळ, स्वतंत्रपूर वसलं. राजा भवानराव पंतप्रतिनिधी आणि मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलंडचा अभियंता यांनी कैद्यांना भिंतींशिवाय, बायकामुलांसह शेतीवर ठेवून पाहिलं. त्याच मुलुखातल्या ग. दि. माडगूळकरांनी त्यावरून कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. त्या चित्रपटावर आपण आजही जीव टाकतो. माझं त्याच्याशी एका बाबतीत भांडण आहे. त्यातला जेलर साधू आहे, आणि त्यामुळे प्रेक्षकाला वाटतं की सुधारणा साधूंनाच जमते. स्वतंत्रपूर साधूमुळे चाललं नाही. ते व्यवस्थेमुळे चाललं: कसायला जमीन, सोबत कुटुंब, कष्टाचं पीक, आणि गमावण्यासारखं काहीतरी. संस्थान विलीन झालं, राजा गेला, फ्रीडमनही गेले, तरी वसाहत सरकारच्या हातात राहिली. पैठण, विसापूर, मोर्शीची खुली कारागृहं याच धर्तीवर आहेत. शिक्षेचा ठरावीक काळ भोगलेले, वर्तणूक चांगली असलेले कैदी तिथे पाठवले जातात. ते शेतात राबतात, संध्याकाळी हजेरीला उभे राहतात. ज्याला ही शिक्षा वाटत नाही त्याने एकदा स्वतःच्या घरापासून लांब, स्वतःच्या मर्जीशिवाय दहा वर्षं राहून पाहावं.

आणि शेवटी, राग जिथे खर्च करायला हवा ती जागाही कायद्यात आधीच आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ पासून कलम १९९-अ आहे. अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षं पूर्ण होईपर्यंत परवाना नाही. हे कलम मुलाला तुरुंगात टाकत नाही. किल्ली देणाऱ्याला टाकतं. तुमच्या शहरात अकरावीच्या क्लासबाहेर रोज संध्याकाळी किती दुचाकी उभ्या असतात ते बघा, आणि मग पोलीस ठाण्यात माहितीच्या अधिकारात अर्ज टाका की गेल्या वर्षी या कलमाखाली किती पालकांवर गुन्हे नोंदले. वय चौदावर आणण्याची मागणी घेऊन आमदार दारात आला, तर त्याला आधी या अर्जाचं उत्तर मागा.